बेवारशी बॅरल

तळघराची फरशी धुताना कुणीतरी बॅरलवरही पाइप फिरवला होता. सकाळी नमुने घ्यायला उतरलो, तर एका अख्ख्या रांगेवरचा खडू धुऊन गेलेला. आत नेब्बियोलो द्राक्षांची त्याच वर्षीची वाईन आहे, यात वाद नव्हता. पण ला मोर्रा गावची कुठली आणि सेर्रालुंगा गावची कुठली?

ही वाईनरी इटलीतल्या पिएमोंतेमध्ये, बारोलोच्या टेकड्यांवर. मी नाशिकला वाईनरीची लॅब सांभाळायचो, एका हंगामासाठी तिथे गेलो होतो. बारोलो नावाची वाईन अकरा गावांच्या हद्दीत होते. अल्बाहून बारोलो गावाकडे जाणारा रस्ता साधारण या हद्दीचे दोन भाग करतो. पश्चिमेला ला मोर्रा आणि खुद्द बारोलो गाव. माती निळसर करडी, चुन्याची, चिकट. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते. तिथली माती आणखी जुनी, मध्ये वालुकाश्माचे थर. दोन्हीकडे एके काळी समुद्राचा तळ होता. पश्चिमेची वाईन लवकर मवाळ होते, गुलाबाचा वास देते. पूर्वेची हिरड्या आवळते आणि वर्षानुवर्षं नमत नाही. ऐकायला हे फार पुस्तकी वाटतं, आणि काही मळे हा नियम सरळ मोडतातही.

गोंधळ झाला म्हणून वाईन वाया जात नाही. दोन्ही मिसळली तरी ती बारोलोच. जुनी मंडळी मुद्दाम वेगवेगळ्या गावांचा माल एकत्र करायची. एकाच मळ्याची वाईन वेगळी भरून त्याचं नाव लेबलवर टाकायची चाल 1961 पासून रुळली. 2010 मध्ये मळ्यांची 170 आणि गावांची 11 अशी 181 नावं कायद्याने पक्की झाली. मळ्याच्या नावाला भाव येतो, आणि खडूबरोबर नेमकं तेच गेलं होतं. त्यातून उत्पादनाची मर्यादा हेक्टरी 8 टन, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. आमच्याकडचा टेबल द्राक्षांचा बागायतदार एवढ्या मालाला हंगाम बुडाला म्हणेल. तिथे एकेका बॅरलचा हिशेब लागतो.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. लॅबच्या वहीत दोन्ही टाक्यांचे आकडे होते. आम्लता सगळ्यात आधी बाद केली, कारण बॅरलमध्ये मॅलोलॅक्टिक सुरू झालं होतं; कुठे अर्धं, कुठे नुसतंच लागलेलं. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होत असताना आम्लता रोज उतरते, तिच्यावरून काय ओळखणार? अल्कोहोल मात्र त्यात हलत नाही. ला मोर्राच्या टाकीत ते 14.2 टक्के होतं, सेर्रालुंगाच्या 14.6. फरक लहान, पण काळजीपूर्वक मोजला तर पकडता येण्यासारखा.

मी डिस्टिलेशनची काच मांडेपर्यंत तळघराचे कारभारी पिपेट घेऊन रांगेत शिरले होते. साठी ओलांडलेला माणूस, बोलणं कमी. प्रत्येक बॅरलमधून दोन बोटं वाईन काढायची, ग्लास कागदावर तिरका धरायचा, वास, घोट, चुळ भरल्यासारखा तोंडात फिरवून नाल्यात थुंकायचं. नेब्बियोलोचा रंग मुळात फिका, विटकरीकडे झुकणारा. आमच्या शिराझच्या शेजारी पाणी घातल्यासारखा दिसतो. रंगावरून काही हाती लागलं नसावं, कारण त्यांनी ग्लास कागदावर धरणं लवकरच सोडून दिलं. घोट मात्र एकही सोडला नाही. प्रत्येक बॅरलवर नवा खडू उमटत गेला. भिंतीकडच्या शेवटच्या बॅरलपाशी ते थांबले. दोनदा घोट घेतला, परत पहिल्या बॅरलकडे जाऊन आले, आणि म्हणाले, "ही इकडची पण नाही आणि तिकडची पण नाही."

दुपारपर्यंत माझे आकडे आले. त्यांनी खडूने लिहिलेलं प्रत्येक गाव बरोबर निघालं. भिंतीकडची बॅरल 14.4. मी तो नमुना पुन्हा चालवला, तरी तेच. मग वहीची पानं उलटताना कारण सापडलं. दोन्ही टाक्या एकाच संध्याकाळी रिकाम्या केल्या होत्या, आणि दोन्हींच्या हिशेबात अर्धी-अर्धी बॅरल उरत होती. तळाशी उरलेलं एकाच बॅरलमध्ये ओतून कुणीतरी काम संपवलं होतं. कुणी ते विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

कारभाऱ्यांचं म्हणणं होतं, या बॅरलला हात लावू नका, वेगळी ठेवा, मला ही सगळ्यांत जास्त आवडली. मालक म्हणाले, एका बॅरलसाठी वेगळं लेबल छापणं परवडत नाही. शेवटी ती साध्या बारोलोच्या मोठ्या पिंपात जायची असं ठरलं. द्राक्षं काढली त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने, त्यातले किमान 18 लाकडात, हा नियम तिलाही तोच. कारभारी संध्याकाळपर्यंत माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत.