गयुमर्साच्या दरबारात

टोरांटोला बहिणीकडे गेलो असताना आगा खान संग्रहालयाची वाट धरली, ती केवळ एका पानासाठी. फुमिहिको माकी यांनी रचलेली ही पांढऱ्या ग्रॅनाइटची वास्तू २०१४ मध्ये खुली झाली. कागदावरच्या चित्रांना उजेड सोसत नाही, म्हणून दालनात प्रकाश मिणमिणता होता आणि जवळचा चष्मा मी नेमका घरी विसरलो होतो.

इराणचा बादशाह शाह तहमास्प याच्यासाठी तयार झालेल्या शाहनाम्याच्या, म्हणजे फिर्दौसीच्या राजकथांच्या महाकाव्याच्या, हस्तलिखितातील २५८ चित्रांपैकी गयुमर्साच्या दरबाराचे हे एक, इराणातील तब्रिझच्या चित्रशाळेत सुलतान मुहम्मदने रंगवलेले. दरबार म्हणावा तर महाल नाही, सिंहासनही नाही. इराणचा पहिला राजा गयुमर्स डोंगरमाथ्यावर बिबट्याचे कातडे पांघरून बसला आहे आणि त्याची प्रजाही कातडीच पांघरलेली. चांदीच्या वर्खाने रंगवलेला ओढा काळवंडून गेला आहे. गुलाबी-जांभळ्या खडकांत मात्र, नाक काचेला जवळजवळ टेकवून पाहिले तेव्हा, माणसांचे आणि जनावरांचे चेहरे एकामागून एक उमटू लागले. या चित्रापुढे भल्याभल्या चितारांच्या माना शरमेने खाली गेल्या, असे त्याच काळातल्या दोस्त मुहम्मद या कलावंत-लेखकाने १५४४ मध्ये लिहून ठेवले आहे, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटली नाही.

झरथुश्त्री, म्हणजे पारशांच्या धर्माच्या, परंपरेतील गयुमर्स राजा नव्हे, तो पहिला माणूस. अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातील ‘गय मरेतन्’ या त्याच्या नावातला ‘मरेतन्’ आपल्या ‘मर्त्य’चा सख्खा भाऊ. त्याच्या मृत्यूनंतर जमिनीत पडलेल्या बीजातून चाळीस वर्षांनी रेवंदचिनीचे रोप उगवले आणि त्यातून मश्य व मश्याने ही पहिली जोडी जन्मली, अशी कथा आहे. फिर्दौसीने मात्र त्याला तीस वर्षांचे राज्य दिले आणि पुत्रशोकही दिला.

तो शोक चित्रात अजून घडायचा आहे. काळ्या दैत्याच्या हातून मुलाचा, सियामकाचा, अंत होणार हे सरोश या देवदूताने राजाला कळवले आहे, त्यामुळे त्याची खिन्न नजर उजवीकडे बसलेल्या मुलावरून हलत नाही. डावीकडे नातू होशंग उभा आहे. हे नाव मुंबईच्या पारशी घरांत आजही ठेवले जाते. हाच नातू पुढे सिंह-वाघांची फौज घेऊन बापाचा सूड उगवणार आहे. चित्रात मात्र सिंह अजून माणसांच्या सोबतीने निवांत बसलेले आहेत.