भिंतीवरचे चव्वेचाळीस सेंटीमीटर

२००१ साली मी दहावी ‘ब’त होतो. सरांनी प्रयोगशाळेच्या खिडकीवर सतरंजी टांगली होती आणि एका खराब सीडीवरचा चंदेरी पापुद्रा चिकटपट्टीने ओरबाडून काढला होता. उरलेल्या पारदर्शक चकतीतून जत्रेतल्या लेझर पॉइंटरचा झोत सोडला, तर समोरच्या भिंतीवर मधोमध एक ठिपका आणि दोन्ही अंगांना एकेक. सीडीवरच्या शेजारच्या दोन रेघांत १६०० नॅनोमीटर अंतर असतं, एवढंच सरांनी सांगितलं. “आता या लाल प्रकाशाची तरंगलांबी काढा. हत्यार एकच, फूटपट्टी.”

भिंत एक मीटरवर, बाजूचा ठिपका मधल्यापासून ४४ सेंटीमीटरवर. मी ४४ला १००ने भागलं, १६००ने गुणलं आणि सगळ्यांच्या आधी ओरडलो, “सर, ७०४!”

“७०४चा लाल डोळ्याला जेमतेम दिसतो रे. हा तर खुपतोय. तू कशाला कशाने भागलंस?”

साइनऐवजी टॅन! भिंतीच्या अंतराऐवजी सीडीपासून ठिपक्यापर्यंतचा तिरपा कर्ण घ्यायला हवा होता. तो आला १०९ सेंटीमीटरच्या किंचित वर, आणि उत्तर ६४४. पॉइंटरवरच्या चिठ्ठीत ६३० ते ६८० लिहिलेलं होतं. जत्रेतल्या मालाच्या मानाने आम्हीच जास्त नेमके!

आता माझं काम लेझरच्याच प्रयोगशाळेत आहे. तिथल्या वेव्हमीटरमध्ये, म्हणजे तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्रात, एक छोटी गाडी आरशांसकट पुढेमागे सरकते. अनोळखी लेझर आणि तरंगलांबी आधीच ठाऊक असलेला हीलियम-निऑन लेझर एकाच वाटेने जातात, आणि दोघांचे उजेड-अंधाराचे पट्टे यंत्र वेगवेगळे मोजतं. गाडी ३० सेंटीमीटर सरकली, तर हीलियम-निऑनचे साडेनऊ लाखांच्या आसपास पट्टे होतात. दोन आकड्यांचा भागाकार केला की झालं. गाडी नेमकी किती सरकली हे कळावंच लागत नाही. हल्ली याहून अचूक मोजायचं तर थेट प्रकाशाची कंपनंच मोजतात. त्यातल्या कामासाठी हॉल आणि हेन्श या भौतिकशास्त्रज्ञांना २००५चं नोबेल मिळालं. माझा जीव मात्र त्या गाडीवरच.

याच गाडीने नव्या नोकरीत मला दोन दिवस रडवलं. रुबिडियमची वाफ भरलेली काचेची नळी उजळायला लेझर ७८०.२४ नॅनोमीटरवर हवा. मीटरवर ७८०.२४ दिसतंय, नळी ढिम्म. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलं: ‘हवा’. माझ्या कोष्टकातला आकडा निर्वाताचा. तोच प्रकाश हवेत ७८०.०३ भरतो, आणि रुबिडियम शतांशाचीही फारशी सूट देत नाही. बटण बदललं, लेझर हळूहळू सरकवला, आणि कॅमेऱ्यात नळीच्या पोटात पांढरी रेघ उमटली.

रात्री सरांना फोन करून फजिती सांगितली. ते हसले नाहीत.

“हवा म्हणतोस, पण किती तापमानाची?”

हवेच्या तापमानातल्या एका अंशाने तरंगलांबीत दहा लाखांत साधारण एकाचा फरक पडतो. माझ्या टेबलावर थर्मामीटर नव्हता.