अनाईमुडीचा नारिंगी बेडूक आणि केळीच्या पोंग्यातला बेडूक

रावेर-यावलच्या केळीत पावसाळ्यात पोंग्याच्या (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाच्या) बेचक्यात एक फिकट तपकिरी बेडूक अंग चोरून बसलेला असतो. तो पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटस, आपला नेहमीचा झाडबेडूक. केरळात अनाईमुडीच्या माथ्यावर, ढगांत बुडालेल्या गवताळ उतारावर, बोटाच्या पेराएवढा भडक नारिंगी बेडूक राहतो. तो राओर्केस्टेस रेस्प्लेंडेन्स. शेजारी शेजारी ठेवले तर दोघांना कुणी लांबचे भाऊबंदही म्हणणार नाही. तरी दोघांचं कुळ एकच, रॅकोफोरिडी.

रेस्प्लेंडेन्सचं वर्णन २०१० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या तीन खुणा लगेच डोळ्यांत भरतात: नारिंगी-तांबडा रंग, पाठीवर ठसठशीत उठलेल्या मोठ्या ग्रंथी आणि कमालीचे आखूड हातपाय. शिवाय हा जमिनीवर वावरतो आणि अंडी ठेंगण्या बांबूच्या बुंध्यात घालतो. झाडबेडकाच्या कुळात हे सगळंच विचित्र. त्यामुळे सुरुवातीला ही वेगळी प्रजातीच असावी असं वाटलं होतं. (प्रजाती हा शब्द इथे जीनस या अर्थाने. वर्तमानपत्रं तो स्पीशीजसाठी वापरतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.) मग मायटोकाँड्रिया आणि पेशीकेंद्र या दोन्हींतला डीएनए तपासला, तेव्हा तो सरळ राओर्केस्टेसमध्ये जाऊन बसला. ही प्रजातीही त्याच वर्षी वेगळी काढलेली, बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या नावाने. त्याआधी हे छोटे झुडपी बेडूक फिलॉटस या नावाखाली कोंबलेले होते.

मग कुळ ओळखायचं कशावरून? रंगावरून तर मुळीच नाही. केळीतला झाडबेडूक कधी फिकट तर कधी गडद दिसतो, आणि दारूत किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा तांबडा-नारिंगी रंग उतरतो. बोट बघा. टोकाला चपटी गादी असते, आणि शेवटच्या दोन हाडांच्या मध्ये कूर्चेचा एक छोटा जादा तुकडा असतो. त्यामुळे बोटाचं टोक जास्त वाकतं आणि बेडूक उभ्या खोडावर तिरका चढत असला तरी गादी सपाट टेकलेली राहते. केळीच्या गुळगुळीत खोडावर गादी कशी टेकते ते भिंगाने छान दिसतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. ईशान्य भारतातल्या हायलिडी कुळातही असाच तुकडा असतो.

राओर्केस्टेसची खरी गंमत पिल्लांत आहे. यांना पोहणारा टॅडपोल (बेडकाचं शेपटीवालं पिल्लू) नसतोच. बेडकाचं पूर्ण रूप अंड्यातच तयार होतं आणि शेंगदाण्याहून लहान बेडूक बाहेर पडतो. अंड्याला पाणवठा लागत नाही, पण आठवडेच्या आठवडे ओल मात्र लागते. ती २६९५ मीटरच्या अनाईमुडीवर ढग पुरवतात. मे महिन्यात पारा ४५ला टेकणाऱ्या जळगावात ते अंडं सुकून जाईल. आपल्याकडचा झाडबेडूक म्हणूनच हौदाच्या कडेला फेसाचं घरटं बांधतो. वरचा फेस वाळतो, आतली अंडी ओली राहतात आणि टॅडपोल खाली पाण्यात गळतात. हौद धुताना तो फेस साबणाचा समजून खरवडू नका.

मोजमाप घ्यायचं तर हात आधी साध्या पाण्याने ओले करा. तंबाखू-चुना मळलेले किंवा कीटकनाशक लागलेले हात नकोतच, बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. व्हर्नियर कॅलिपरने तुंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये तीनदा घ्या आणि सरासरी लिहा, कारण बेडूक पाठ फुगवतो आणि एकाच मोजणीत सहज चूक होते. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी. मांड्या अंगाला काटकोनात धरून पाय दुमडले की दोन्ही टाचा एकमेकींना भेटतात का, एकमेकींवर चढतात का, की मध्ये फट राहते, हे लिहा. आखूड पायांचा बेडूक इथेच उघडा पडतो. फोटो पाठीचा, कुशीचा, पोटाचा आणि तळपायाचा, पट्टी शेजारी ठेवून. मांडीच्या मागच्या बाजूचा फोटो हमखास राहतो, आणि पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटसचे पिवळे ठिपके नेमके तिथेच असतात. दोन मिनिटांत सोडा, उचलला तिथेच.

तोरणमाळला धुकं उतरलं की फेसबुकवर ‘दुर्मीळ झुडपी बेडूक’ झळकतात. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, आणि धुकं दिसलं म्हणजे ते शोलाचं (दक्षिणेच्या उंच डोंगरांतलं सदा ओलं) जंगल होत नाही. फोटोत बोटांच्या गाद्या आणि तळपायाचे पडदे दिसत नसतील तर नाव लिहूच नये, ‘लहान बेडूक, तोरणमाळ’ एवढंच लिहावं. रेस्प्लेंडेन्सचा ज्ञात पसारा सगळा मिळून तीन चौरस किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि तो एराविकुलम राष्ट्रीय उद्यानातल्या अनाईमुडीच्या एकाच माथ्यावर आहे.