४०४च्या पानावरचा गोंधळ

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात फ्रान्सच्या एका क्लायंटची तक्रार आली. पत्ता चुकला की ४०४चं जे पान उघडतं, त्यावर फ्रेंच अक्षरांची पार वाट लागलेली. तिरकी रेघवाला ‘ई’ हवा तिथे डोक्यावर लाट असलेला मोठा ‘ए’ आणि त्याला चिकटून कॉपीराइटची खूण. बाकी साइट ठणठणीत.

एका अक्षराच्या जागी दोन दिसली की अर्धं निदान तिथेच होतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत हा ‘ई’ दोन बाइटांचा. ब्राउझर तो आयएसओ-८८५९-१ या जुन्या, एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या पद्धतीने वाचतो, म्हणून दर बाइटचं वेगळं अक्षर. गडबड उलटी असती, म्हणजे जुन्या पद्धतीचा मजकूर यूटीएफ-८ समजून वाचला असता, तर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह आलं असतं.

नवा मुलगा मात्र वैतागला. “ताई, पानाची अक्षरपद्धत सांगणाऱ्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८च आहे. फाइल पण तशीच सेव्ह केलीय. थेट उघडली तर नीट दिसते!”

खोटं नव्हतं त्याचं. म्हटलं, “त्या फाइलमध्ये ‘ठाणे’ लिही आणि एखादा चुकीचा पत्ता टाक बघू.”

पान आलं, पण त्यावर ‘ठाणे’ नाहीच. धड नाही, मोडकंही नाही. पोरगं सकाळपासून भलत्याच पेशंटची नाडी धरून बसलं होतं!

एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरच्या सेटिंगची फाइल उघडली. चूक झाली की काय दाखवायचं ते सांगणाऱ्या एररडॉक्युमेंटच्या ओळीत फाइलचा पत्ताच नव्हता. आधीच्या कुणा महाभागाने अख्खं एचटीएमएल अवतरणचिन्हांत कोंबलं होतं. असा मजकूर अपाचे हा वेब सर्व्हर स्वतःच्या मनाने आयएसओ-८८५९-१चा शिक्का मारून पाठवतो. कर्ल या कमांडने हेडर, म्हणजे पानाआधी सर्व्हर पाठवतो ती माहिती, काढून पाहिलं, तर हेच. आणि हेडर एक सांगतं, मेटा टॅग दुसरं, तेव्हा ब्राउझर हेडरचंच ऐकतो.

“अक्षरांऐवजी एंटिटी टाकू? लगेच होईल.”

झालं असतं. एंटिटी म्हणजे अक्षराऐवजी लिहायचे सांकेतिक कोड; ते साध्या आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हांत असतात, कुठल्याही शिक्क्याखाली चालतात. पण उद्या मजकूर बदलायचा तर तिकडचा माणूस एंटिटी टाइप करत बसणार का? मी त्या ओळीत फाइलचा पत्ता दिला, तोही स्लॅशपासून सुरू होणारा. एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता दिला की अपाचे रीडायरेक्ट करतो, म्हणजे ब्राउझरला त्या पत्त्यावर पाठवतो, आणि ४०४ हा कोडच हरवतो.

फ्रेंच वाक्यांखाली ‘ठाणे’ स्वच्छ उमटलं. ते पुसून क्लायंटला कळवलं. सर्व्हरच बिघडला की येणाऱ्या ५००च्या पानाची ओळही तशीच निघाली, तीही बदलली. ते पान दिसायला आधी साइट पडावी लागते, म्हणून त्याची तक्रार आजवर आली नव्हती.