एकादशी, दिवे घाट आणि यकृतातली शिदोरी

ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते ती बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला. म्हणजे तीसेक किलोमीटरची लांबलचक चाल, शेवटी दिवे घाट, आणि सगळं उपासाने. आम्ही दिंडीत औषधांची पिशवी घेऊन चालतो. पहाटे प्रत्येकाला एकच विचारायचं, "माउली, पोटात काय गेलंय?"

शरीर जादा ग्लुकोज साखळीत गुंफून त्याचं ग्लायकोजेन करून ठेवतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास. दोन्ही कोठारांचा कारभार मात्र वेगळा. यकृत आपला साठा रक्तात सोडतं, त्यावर मेंदू चालतो. मांडीतला साठा मांडीतच खर्ची पडतो, कारण तो रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतं. म्हणून पाय चालत असतात आणि डोकं गरगरतं. त्यातून रात्रभरात यकृताचं कोठार बरंच उपसलेलं असतं.

हडपसरपर्यंत टाळांच्या लयीत शरीर बरंचसं चरबीवर भागवतं. घाट लागला की ग्लुकोजची उचल वाढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे निघताना वाटीभर खिचडी आणि वाटेत दर तास-दीड तासाने एक केळं (साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं) एवढ्यावर धडधाकट माणसाचं निभतं. निर्जळी करणाऱ्यांना मात्र आम्ही पाणी घ्या म्हणून हट्टच धरतो. (उपासाने एका दिवसात वजन उतरलं म्हणून खूश होऊ नये. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठलेलं असतं, उतरतं ते मुख्यतः तेच.)

खरी काळजी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गोळीवर असलेल्यांची. चालणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढतो. वर औषधाचा डोस रोजचाच राहिला तर तो यकृताला कोठार उघडू देत नाही. डोस किती कमी करायचा ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून आणावं. मनानेच बंद करणं तितकंच घातक. इन्सुलिन पोटावर टोचावं, चालत्या मांडीतून ते झपाट्याने भिनतं.

घाटात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून साखर उतरल्याचं पटकन कळत नाही. हात थरथरले, माणूस विनाकारण चिडला, बोलणं भरकटलं, की लगेच बाजूला बसवून ग्लुकोमीटर लावायचा. साखर ७० च्या (मि.ग्रॅ./डे.लि.) खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा. अशा वेळी लोक प्रेमाने शेंगदाण्याचा लाडू पुढे करतात. त्यातल्या तेलाने साखर रक्तात उतरायला उशीर होतो, तो नंतर द्यावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

सासवडला पोचलं की निर्धास्त व्हायचं नाही. रिकामे स्नायू रात्रभर रक्तातून साखर ओढून कोठार भरत राहतात, त्यामुळे पहाटे दोन-तीनलाही साखर घसरते. झोपण्याआधी वाटीभर भगर, आणि तपासणी. साखर आणि पाण्याची बाटली उशाशी, बॅगेच्या तळाशी नव्हे.