एका खालच्या रेघेविषयी

दुपारी एका तरुण सहकाऱ्याने कोड-रिव्ह्यूमध्ये, म्हणजे माझा कोड तपासताना, एवढेच लिहून ठेवले होते : "लोडॅश अजून कशाला? आता सगळे भाषेतच आहे." लोडॅश म्हणजे जावास्क्रिप्ट या भाषेत नेहमी लागणाऱ्या छोट्या फंक्शनांचा तयार संच. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते, पण हाताच्या सवयीच्या झालेल्या वस्तूविषयी कोणी असे विचारले की मला आधी ती वस्तू बाहेर काढून न्याहाळाविशी वाटते, म्हणून मी जुन्या फाइली उघडून त्यांतल्या आयातीच्या, म्हणजे बाहेरची फंक्शने मागवणाऱ्या, ओळी वाचत बसलो.

२००९ साली जेरेमी आश्केनास यांचे अंडरस्कोअर, म्हणजे नावानेच 'खालची रेघ' असलेला असाच एक संच, आले, तेव्हा यादीतला प्रत्येक घटक बदलणारे मॅप आणि यादी गाळणारे फिल्टर प्रत्येक ब्राउझरमध्ये मिळतीलच अशी खात्री नव्हती. इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये तर ती नव्हतीच. एखादी यादी गाळायची म्हटले तरी आय हा मोजणीचा आकडा शून्यापासून सुरू करा, लांबीपर्यंत न्या, मध्ये इफ घाला, हे दर वेळी नव्याने लिहावे लागे, आणि त्या आयची कटकट ज्यांनी सोसली आहे त्यांना खालच्या रेघेपुढे टिंब देऊन फिल्टर लिहिण्यातले सुख वेगळे सांगायला नको. पुढे २०१२ मध्ये जॉन-डेव्हिड डाल्टन यांचे लोडॅश आले आणि त्यानेही तीच रेघ पुढे चालवली.

या रेघेत मला सर्वांत जास्त भावतो तो तिचा संकोच. तिच्याआधीच्या प्रोटोटाइप आणि मूटूल्स या तयार कोडच्या संचांनी आपल्या मेथड, म्हणजे फंक्शने, थेट भाषेच्या यादीवर, म्हणजे अ‍ॅरेवरच नेऊन बसवल्या होत्या. वापरायला ते फार सोयीचे होते, पण त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली. अनेक पातळ्यांचा अ‍ॅरे सपाट करणारी फ्लॅटन ही मेथड भाषेतच आणायचे ठरले, तेव्हा मूटूल्सने ते नाव कधीच घेऊन ठेवलेले असल्याचे, आणि नव्या मेथडमुळे त्यावर चालणारी जुनी संकेतस्थळे मोडत असल्याचे, लक्षात आले. २०१८ मध्ये कोणी थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवले, त्यावरून बराच गहजब झाला, आणि शेवटी २०१९ च्या मानकात ती मेथड फ्लॅट या नावाने दाखल झाली. अंडरस्कोअरने भाषेच्या मूळ वस्तूंना हात न लावण्याचे पथ्य पहिल्यापासून पाळले, त्यामुळे त्याच्या बाबतीत असा प्रसंग उद्भवण्याचे कारणच नव्हते. दुसऱ्याच्या घरात राहायचे आणि भिंतीला खिळाही ठोकायचा नाही, ही शिस्त मला कोणत्याही कार्यक्षमतेपेक्षा मोठी वाटते.

भाषा हळूहळू शहाणी होत गेली हे मात्र खरे. २०१५ मध्ये यादीतून हवे ते शोधणारे फाइंड आले, पुढच्या वर्षी एखादी गोष्ट यादीत आहे का ते सांगणारे इन्क्लूड्स, २०२० मध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब यांच्या जोडीने वस्तूच्या आत खोलवरची किंमत काढणाऱ्या गेटची गरज जवळजवळ संपवली, आणि २०२४ मध्ये यादीचे गट पाडणारे ग्रुपबायही आले. पूर्ण लोडॅश मिनिफाय आणि जीझिप करूनही, म्हणजे आवळून लहान करूनही, सुमारे २४ किलोबाइट भरते, म्हणून मी ते कधीच सबंध मागवत नाही. लागेल ते फंक्शन तेवढे आणतो आणि आयातीच्या ओळी वर्णानुक्रमाने लावतो, याला कोणी खोड म्हटले तरी चालेल. ती यादी आखूड होताना पाहायला मला आवडते, आणि ती अगदीच नाहीशी व्हावी असे वाटत नाही, या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

यादीत हटकून उरते ते डिबाउन्स. लहानपणी दिव्याचे बटण चालू आणि बंद यांच्या बरोबर मध्ये अडकवून ठेवण्याचा मला नाद होता. आतून बारीक चरचर ऐकू येई, दिवा थरथरे, आणि लगेच कोणीतरी मोठे माणूस ओरडत येई. पुढे कळले की बटण नीट दाबले तरीही आतले धातूचे दोन तुकडे एकमेकांवर काही मिलिसेकंद आपटत राहतात, आणि जलद सर्किटला एकच दाबणे अनेकदा दाबल्यासारखे वाटते. ती उसळी पुसून टाकण्याचे विद्युत अभियंत्यांचे तंत्र त्याच नावाने शोधाच्या चौकटीत आले, जिथे माणूस अक्षरामागून अक्षर टंकत असतो आणि तो थांबेपर्यंत सर्व्हरला त्रास द्यायचा नसतो. दहा ओळींचे डिबाउन्स कोणीही लिहू शकतो. पण पहिल्याच दाबाला उत्तर द्यायचे की शेवटच्या, माणूस थांबलाच नाही तर जास्तीत जास्त किती वाट पाहायची, आणि मधूनच रद्द करायचे झाल्यास काय, या प्रश्नांपाशी त्या दहा ओळी संपतात. लोडॅशने ते सोडवले आहेत; इतके की त्याचे थ्रॉटल, म्हणजे ठरावीक काळात एकदाच काम होऊ देणारे फंक्शन, हे कमाल प्रतीक्षा ठरवून दिलेले डिबाउन्सच आहे, आणि हे मूळ कोडमध्ये प्रथम वाचले तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो.

वस्तूची आतपर्यंत नक्कल करणाऱ्या क्लोनडीपविषयी मी इतका आग्रही नाही, कारण आता तेच काम करणारे स्ट्रक्चर्डक्लोन ब्राउझरमध्येच आहे. वस्तूत एखादे फंक्शन दडलेले असेल तर स्ट्रक्चर्डक्लोन एरर फेकते आणि क्लोनडीप ते फंक्शन निमूट तसेच पुढे देते, एवढाच फरक मला अधूनमधून भेटतो.

एखादी गोष्ट रिकामी आहे का ते सांगणाऱ्या आयसएम्प्टीशी मात्र माझे कधीच जमले नाही. त्याला ५ हा आकडा दिला तर तो रिकामा आहे असे ते सांगते. त्यामागचा युक्तिवाद निर्दोष आहे : आकड्याला मोजण्यासारखे स्वतःचे गुणधर्म नसतात, म्हणून तो रिकामा. पण फॉर्ममध्ये एखाद्याने आपल्या मुलाचे वय भरले असेल आणि त्याला 'हा रकाना रिकामा आहे' असा लाल शेरा मिळणार असेल, तर त्या युक्तिवादाचे मी काय करू? तिथे मी स्वतःच नल (किंमतच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नाही) अशा दोन तुलना लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.