गाणं रिकीचं, तारा बँजोच्या

रिकी नेल्सन इतका देखणा होता, की त्याला गाता येतं का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलाच नाही. आईवडिलांच्या टीव्ही मालिकेत अमेरिकेने त्याला वाढताना पाहिलेलं. मग तो भागाच्या शेवटी गाऊ लागला आणि पोरी रेकॉर्डवर तुटून पडल्या. ४ ऑगस्ट १९५८ला बिलबोर्डची ‘हॉट १००’ यादी सुरू झाली, तिचा पहिलावहिला नंबर एक म्हणजे अठरा वर्षांच्या रिकीचं ‘पुअर लिटल फूल’.

‘हॅलो मेरी लू’ १९६१चं, जीन पिटनीने लिहिलेलं, ‘ट्रॅव्हलिन मॅन’ या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. रिकी गातो छान, उगाच ताणत नाही. पण खरी मजा मधल्या गिटारच्या तुकड्यात आहे. तो वाजवलाय रिकीच्या गिटारवादकाने, जेम्स बर्टनने.

त्या काळच्या गिटारच्या तारा जाड असत. तिसऱ्या तारेवर तर वरून तारेचंच वेटोळं, त्यामुळे ती ओढून सूर चढवायचा म्हणजे बोटांची सालटं. बर्टनने आपल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर पहिल्या चार जागी बँजोच्या बारीक तारा चढवल्या, पाचव्या जागी गिटारची चौथी आणि सहाव्या जागी पाचवी. झाली की मींड घेण्याची सोय! उजव्या हातात अंगठा-तर्जनीत पिक, म्हणजे तार छेडायचा छोटा चपटा तुकडा, शिवाय मधल्या बोटाला वेगळं, बोटात घालायचं फिंगरपिक. तार छेडून लगेच दाबायची, म्हणजे तो कोंबडीसारखा टक-टक आवाज येतो.

आज एवढा खटाटोप नको, नऊ-बेचाळीसचा सेट पुरतो, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाचे नऊ हजारांश भाग जाड आणि सर्वांत जाड तार बेचाळीस. त्यात तिसरी तार साधीच असते. मात्र जाड तारा काढून बारीक चढवल्या की गिटारच्या मानेवरचा (लांब दांड्यावरचा) ताण घटतो, मान मागे झुकते आणि तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिल्या दोन-तीन पट्ट्यांवर खरखर सुरू होते. लोक तारांना शिव्या घालतात. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आत तिचा बाक सांभाळणारी सळई, पाव फेरा सैल करावा, गिटार पुन्हा सुरात लावावी आणि मगच काय ते ठरवावं.

दुसरी चूक तार एकाच बोटाने ओढण्याची. अनामिकेने ओढा, मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकू द्या. सूर नेमका किती चढवायचा, हे आधी दोन पट्ट्या पुढचा स्वर वाजवून कानात बसवावं. बारीक तार जोराने छेडली तर सुरुवातीलाच सूर वर पळतो, तेव्हा उजवा हात हलका हवा. अॅम्पचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज वाढवला तरी चालेल. आवाज फाटका करणारा फझ इफेक्ट मात्र लावू नये, टकटक चिखलात जाते.

रिकीला पोस्टरवरचा पोरगा म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्याने गिटारवादक कोण निवडला, ते बघावं. पुढे १९६९मध्ये एल्व्हिसने लास वेगससाठी बँड जमवला, तेव्हा त्यालाही बर्टनच हवा होता.